नेम नको धरू

"नेम नको धरू वं पोरी! तो बाण कुठीही जाऊ दे. तू फक्त कोपर पाह्य, कोपर!"

हे ऐकलं तेव्हा मी शाळेच्या कुंपणाबाहेर दादाच्या स्कुटीला टेकून उभी होते. संक्रांत होऊन गेली होती. तुरी सोंगून झाल्या होत्या, गावाबाहेर कुठंतरी थ्रेशर सुरू होतं आणि कुटाराची बारीक भुकटी उन्हात तरंगत येऊन घशात बसत होती. भाचीला घेऊन घरी जायचं, एवढंच माझं काम. मैदानाच्या टोकाला पोत्यांची भिंत रचलेली; कापसाच्या जुन्या पोत्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि फाटकी लुगडी ठासून भरलेली. त्या भिंतीपासून चार पावलांवर माझी भाची बांबूचं धनुष्य पुरतं ताणून उभी होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. पोत्यावर कागद नाही, रंगीत वर्तुळं नाहीत, खडूचा ठिपकासुद्धा नाही. चार पावलांवरून पोत्यांच्या भिंतीत बाण कोणीही मारेल, मग यात शिकायचं काय, आणि तेही डोळे मिटून? दोरी सुटली, बाण पोत्यात धप्पकन घुसला. सरांनी बाणाकडे पाहिलंही नाही. दोरी सोडल्यावर तिचा उजवा हात कानाच्या मागे कुठपर्यंत गेला, ते पाहत होते.

स्कुटीवर मागे बसल्यावर तिला विचारलं, "काऊन गं, तुमचे सर नेम धरू नको म्हणतात?"

"नेम धरला की बाकी सारं इसरते, आत्या."

उत्तर देऊन ती मोकळी झाली. मी मात्र अकोल्याला परतले तरी ते वाक्य घेऊनच परतले. बँकेत काउंटरवर बसून पासबुकं छापतानाही मधेच आठवायचं आणि उगाच थोडा रागही यायचा. रागाचं कारण साधं होतं. आम्हाला जन्मभर याच्या बरोबर उलटं सांगितलं गेलं होतं.

आमच्या लहानपणी गावात ज्वारी होती. दाणा भरायला लागला की शेतात माळा उभा राहायचा आणि बाबा त्यावर गोफण घेऊन. आम्ही पोट्टे खालून गोटे वेचून पुरवायचो. गोफण फिरायची तेव्हा हवेत घूंऽ असा आवाज व्हायचा, मग फाट्कन चामडं वाजायचं, आणि पाखरांचा अख्खा थवा एका कणसावरून उठून दुसऱ्या कणसावर जाऊन बसायचा. बाबांचा गोटा पाखराला लागलेला मी कधी पाहिला नाही. लागावा असं त्यांना वाटतही नसावं, उठवायचं तेवढं काम. पण आम्हा पोरांची सगळी भांडणं नेमावरून: गोटीचा नेम, गुल्लेरीचा नेम, चिंचेवर मारलेल्या दगडाचा नेम. पुढं शाळेत द्रोणाचार्यांच्या परीक्षेतला तो झाडावरचा पोपट आला, त्याचा डोळा आला, आणि मग दहावी-बारावीला तो डोळा म्हणजे टक्के झाले. ज्याला त्याला डोळाच दिसला पाहिजे. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा मी सरांना त्या पोपटाबद्दल छेडलंच. सर मूळचे कबड्डीचे, धनुर्विद्या नंतर शिकून आलेले, शिटी कायम गळ्यात. ते म्हणाले, "ताई, त्या गोष्टीत अर्जुनाले काय दिसलं ते समद्यायले पाठ हाय. त्याचं कोपर कुठी होतं, ते कोणं लिहून ठेवलं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी त्या मैदानावरचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले. अर्ध्याहून जास्त शब्द इंग्रजी, पण पोरांच्या तोंडात ते इतके मुरलेले की वऱ्हाडीच वाटतात. "तुझा अँकर तुटून राह्यला." "हुक खोल घे." "रिलीज फुटला." "खांदा चढला, उतरव." ताणलेली दोरी दर वेळी चेहऱ्यावर एकाच जागी येऊन टेकली पाहिजे, ती जागा म्हणजे अँकर. हात जबड्याच्या हाडाखाली घट्ट बसलेला, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागलेली. भाचीच्या हनुवटीवर त्यामुळे एक बारीक लाल रेघ उमटलेली असते, ती संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत जात नाही. हुक म्हणजे दोरीत अडकवलेली तीन बोटं: एक बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा नुसता तळहाताशी दुमडून ठेवायचा. हे पाहून गावातला हरेक माणूस एकलव्याचं नाव काढतोच. पोरं आता त्यावर हसतही नाहीत. उभं राहणं, बाण दोरीला लावणं, बोटं अडकवणं, धनुष्य उचलणं, ताणणं, टेकवणं, नेम लावणं, धरून ठेवणं, सोडणं आणि सुटल्यावरही तसंच उभं राहणं. एका बाणाच्या या एवढ्या पायऱ्या, त्यातली नेमाची एक. तीही सरांच्या मते पोरांच्या ध्यानात आपोआप राहते, म्हणून ती शिकवायची नसते, आवरायची असते.

धनुष्य मुठीत धरत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या मऊ मांसाच्या कडेवर नुसतं रेलतं. बोटं सैल. दोरी सुटली की ते हातातून पुढं झेपावतं, आणि खाली पडू नये म्हणून अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एक छोटासा फास अडकवलेला असतो, फिंगर स्लिंग. दुकानात तो मिळतो, पण आमच्या गावची पोरं बुटाच्या नाडीचा करतात. भाचीची नाडी गुलाबी आहे. मूठ आवळली की मनगट वळतं आणि बाण बाजूला जातो. म्हणजे जे शस्त्र घट्ट धरायचं म्हणून चित्रांत पाहिलं, ते जवळजवळ सोडूनच द्यायचं.

एका रात्री जेवणं झाल्यावर तिनं आपली थैली ओट्यावर रिकामी केली. माय भिंतीला टेकून बसली होती, तिला दाखवायचं होतं. बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा, टॅब. बाजारातला महाग, म्हणून गावातल्या चपला शिवणाऱ्या मामांकडून कापून घेतलेला. डाव्या हाताला बांधायचा आर्मगार्ड. तो पाहून माझी वहिनी म्हणाली, "हे आधी काऊन नाही दिलं सरानं?" सुरुवातीच्या दिवसांत कोपर आत वळलेलं राहायचं आणि सुटलेली दोरी सणकन हातावर बसायची. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळा पट्टा. वहिनी रोज हळद लावायची आणि रोज एकच विचारायची, की लग्नाकार्यात कोणी पाहिलं तर आम्हीच मारलं म्हणणार नाही का? कोपराचं हाड बाहेरच्या अंगाला वळवता यायला लागल्यावर पट्टे बंद झाले. आर्मगार्ड मग आला. सरांनी मुद्दाम उशीर केला असं मला वाटतं, पण ते कबूल करत नाहीत.

थैलीत शेवटी निघाली दोरी आणि मेणाची कांडी. दोरी कशी, तर एका धाग्याची नाही. बारीक चिवट धाग्यांचे कित्येक पदर एकत्र, दोन्ही टोकांना फास, आणि मधोमध, जिथं बोटं आणि बाण लागतो तिथं, वरून दुसरा दोरा गच्च गुंडाळलेला. त्या गुंडाळीला सर्व्हिंग म्हणतात. मायनं दोरी हातात घेतली, अंगठ्यानं दाबून पाहिली, पीळ उलटा-सुलटा करून पाहिला. तिचं तारुण्य अंबाडीचा वाख सोलण्यात आणि बैलांचे दोर वळण्यात गेलं. ती म्हणाली, "याले पीळ कमी हाय." भाची चपापली. त्याच दिवशी सरांनी हेच सांगितलं होतं. दोरी चढवल्यावर ती आणि धनुष्याची मूठ यांच्यात जे अंतर पडतं, त्याला ब्रेस हाइट म्हणतात, आणि ते कमी भरत होतं. पीळ वाढवला की दोरी आखूड होते, आखूड झाली की धनुष्य जास्त वाकतं, अंतर वाढतं. सरांकडे ते मोजायला टी-आकाराची पट्टी आहे. मायनं नुसत्या चिमटीनं सांगितलं. मग ती म्हणाली, मेण मधमाशीचंच लाव, मेणबत्तीचं लावशील तर तडकून गळून पडीन. तेही बरोबर निघालं.

गडचिरोलीकडच्या माडियांच्या धनुष्याची दोरी बांबूच्याच पट्टीची असते, सोललेल्या, तासून गुळगुळीत केलेल्या. मेण नाही, पीळ नाही. हे मी मायला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "पावसात काय करत असतीन?"

आमचं धनुष्य म्हणजे निर्गुडीचा फोक आणि सुतळी. दादा करून द्यायचा. बाण तुराटीचा. तो सुटायचा आणि चार हातांवर जाऊन आडवा पडायचा, कधी उलटा फिरून मागचं टोक पुढं करून पडायचा. बाबांनी एकदा पाहिलं आणि काही न बोलता बाणाच्या टोकाला चिकणमातीचा गोळा थापला. बाण सरळ गेला. पुढचं टोक जड आणि मागं पिसं, म्हणजे मागची बाजू हवेत ओढली जाते आणि टोक पुढं राहतं. आजही तेच आहे: टोकाला पोलादी पॉइंट, शेपटीला प्लास्टिकचे तीन पंख, ज्यांना पोरं वेन्स म्हणतात. तिन्हीपैकी एक वेगळ्या रंगाचा, म्हणजे बाण कसा लावायचा ते चटकन कळतं. शेपटीच्या खाचेला नॉक. दोरीवर ती बसताना टक् असा बारीक आवाज येतो. आवाज आला नाही तर बाण नीट बसलेला नाही, आणि तशी दोरी सोडणं धोक्याचं. कारण बाणाशिवाय सोडलेली दोरी सगळी ताकद धनुष्यालाच परत देते, धनुष्य तडकू शकतं. गावात ही मोठी डोकेदुखी आहे. पाहुणा आला की तो आधी चहाचा कप खाली ठेवतो, मग भिंतीवरचं धनुष्य काढतो, ताणतो, आणि "टण्!" आमचे एक नातेवाईक तर पोटावर घेऊन एकतारीच वाजवायला निघाले होते. भाचीनं त्यांच्या हातातून ते असं ओढून घेतलं की दादाला माफी मागावी लागली.

पण बाणाबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली ती सरांनी मोबाइलवर दाखवली. हळू केलेला व्हिडिओ. मला वाटायचं बाण धनुष्यातून ताठ निघतो. तो ताठ नसतोच. बोटांवरून दोरी सुटताना किंचित बाजूला सरकते, मागून जोर आणि पुढं टोकाचं वजन, यांच्यामध्ये बाणाची काडी वाकते, धनुष्याच्या दांडीला वळसा घालते, मग उलट्या बाजूला वाकते, आणि पाण्यातल्या विरोळ्यासारखी वळवळत पुढं जाते. बऱ्याच अंतरानंतर ती शांत होते. वाकला नाही तर बाण दांडीला घासून भलतीकडं जाईल. किती वाकायचं तेही ठरलेलं असावं लागतं, त्याला स्पाइन म्हणतात. 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू ठेवायचे, काडीच्या मधोमध 880 ग्रॅम वजन टांगायचं, आणि काडी किती झुकते ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजायचं. अर्धा इंच झुकली तर स्पाइन 500. म्हणजे आकडा मोठा तसा बाण लवचिक, आकडा लहान तसा ताठ. जोरदार धनुष्याला ताठ बाण, हलक्या धनुष्याला लवचिक. दुसऱ्याचा चांगला बाण उचलून आपल्या धनुष्यातून मारला तर तो चांगला जाईलच असं नाही. सरांना यातलं गणित माझ्यापेक्षा बरं येतं, पण सांगताना ते नेहमी लाजतात आणि म्हणतात, "मले एवढं नाई समजत, पण वाकते हे खरं."

मैदानावरची शिस्त शिट्ट्यांची आहे. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सुरू करा, तीन म्हणजे बाण आणायला जा. पाच म्हणजे जिथं असाल तिथं थांबा. पाच शिट्ट्या क्वचित वाजाव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या गावात रोज वाजतात, कारण चार वाजता बकऱ्या परत येतात आणि त्यांचा रस्ता निशाणांच्या मागून आहे. बाण उपटतानाही रीत आहे. मागं कोणी उभं नाही ना ते पाहायचं, कारण ओढलेला बाण मागच्याच्या डोळ्यात जाऊ शकतो. एक हात कागदावर दाबून धरायचा, दुसऱ्यानं बाण अगदी मुळाशी पकडून सरळ ओढायचा. आणि चुकलेला बाण शोधायचा. हा तर स्वतंत्र खेळच आहे. चुकलेला बाण गवताच्या वर राहत नाही, तो गवताच्या मुळाशी शिरून लांबवर सरकतो, वरून पाहिलं तर काही दिसत नाही. मोठ्या अकादम्यांत धातू शोधायचं यंत्र असतं म्हणे. इथं पोरं ओळीनं दाताळं ओढत जातात. पावसाळ्यानंतर एका पोराला तसा एक बाण सापडला होता, मागच्या वर्षीचा, काडी फुगलेली, टोक गंजलेलं. ज्याचा होता तो पोरगा तोवर शाळा सोडून पुण्याला कंपनीत गेला होता.

भाचीचा प्रकार इंडियन राउंड. बांबूचं धनुष्य, लाकडी बाण, 30 आणि 50 मीटर, आणि नेम लावायला साइट वगैरे काही नाही. पण बारावीतल्या एका पोराकडे रिकर्व्ह आहे, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य, आणि मैदानावर सगळ्यांचं अर्धं लक्ष त्या धनुष्यावर असतं. ऑलिम्पिकमध्ये असतं ते. 70 मीटरवर 122 सेंटिमीटरचं वर्तुळ, त्यात पिवळ्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 12.2 सेंटिमीटर. पुढं लांब दांडा, स्टॅबिलायझर, वर साइट, आणि बाणाच्या टोकाशी क्लिकर नावाची पातळ धातूची पट्टी. बाण पूर्ण ताणला गेला की टोक त्या पट्टीखालून निसटतं, पट्टी दांडीवर आपटते, टिक्. तो आवाज म्हणजे सोड. माणसानं सोडायचं ठरवायचं नाही, पट्टीनं सांगायचं. हे ऐकून मला हायसं वाटलं, की चला, एक तरी निर्णय आपल्या डोक्यावरून गेला. पण त्या पोराकडे पाहिलं आणि तो दिलासाही टिकला नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आधी त्याला असं झालं होतं की पिवळ्यावर साइट आली रे आली की हात गोठायचा. टोक पट्टीखाली अडकलेलं, दोन मिलिमीटर राहिलेले, आणि ते दोन मिलिमीटर काही केल्या ओढले जात नव्हते. खांदा थरथरायचा, ओठ पांढरे पडायचे, मग तो धनुष्य खाली घ्यायचा. कधी उलट व्हायचं, टिक् व्हायच्या आधीच बोटं उघडायची. जगभरच्या धनुर्धरांना हे होतं, त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. त्यावर सरांनी काय केलं? कागद काढला. त्याला पोत्यांच्या भिंतीसमोर चार पावलांवर उभं केलं. डोळे मिट म्हणाले.

तेव्हा मला ते वाक्य पहिल्यांदा नीट कळलं.

सरांची दुसरी एक सवय आहे. बाण काढायला जाण्याआधी ते पोरांना आकडे सांगू देत नाहीत, आधी "ग्रुप कसा हाय?" विचारतात. सहाच्या सहा बाण खाली डावीकडं निळ्यात, पण एका वाटीत मावतील एवढे जवळ पडले, तर ते खूश. एक दहा, एक नऊ आणि बाकी चार चहूकडं, तर ते गप्प. एका पोरीनं कुरकुर केली की सर, माझा एक तर टेन आहे ना. सर म्हणाले, "तो टेन तुझा नोहय, वाऱ्याचा हाय." मला जरा क्रूर वाटलं ते, पोरगी हिरमुसली होती. पण त्यांचं म्हणणं असं: सगळे बाण एकाच चुकीच्या जागी लागले तर साइट त्या बाजूला सरकवायची, ग्रुप आपोआप पिवळ्यात येतो. इकडंतिकडं पडले तर सरकवणार काय? "साइट हालवता येते, ताई. पोरगं रोज येगळं उभं राह्यलं तर त्याले कुठं हालवता?"

दादाला हे सगळं मान्य नाही. दादा शेतकरी माणूस, त्याचं डोळ्यापुढचं स्पष्ट आहे. भाचीच्या अभ्यासाच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं स्केचपेननं लिहून लावलंय: लक्ष्य – वर्दी. खाली तीन रेघा. क्रीडा कोट्यात सरकारी नोकरीला पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्याला तोंडपाठ आहे आणि त्याच भरवशावर त्यानं मुलीला मैदानात पाठवलं. गावात आणखी बापही असेच आले. मी त्यांना हसायची, आता हसत नाही. सोयाबीनचा भाव पाहिलेल्या माणसानं पोरीच्या हातातल्या धनुष्यातून नोकरी पाहिली तर त्यात हसण्यासारखं काय? आणि उदाहरणंही काही फार लांबची नाहीत. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवून सुवर्णपदक घेऊन आला. त्याच वर्षी नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेता झाला, 150–149. दीडशेपैकी दीडशे, म्हणजे पंधरा बाण आणि पंधराही दहा. पुढं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णं, मग अर्जुन पुरस्कार. दोघंही कंपाउंडवाले, ज्याला टोकांना चाकं असतात आणि पुरतं ताणलं की ओढ एकदम हलकी होते ते धनुष्य. ऑलिम्पिकमध्ये ते आजवर नव्हतं, 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये मिश्र सांघिक प्रकारात पहिल्यांदा येतंय. ही बातमी दादानंच मला फोन करून सांगितली. त्याला कंपाउंड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण 2028 ला मुलगी किती वर्षांची असेल ते त्यानं मोजून ठेवलं होतं.

सर म्हणतात नेम नको धरू, बाप म्हणतो लक्ष्य वर्दी, आणि पोरगी सकाळी एकाचं आणि रात्री दुसऱ्याचं ऐकते. तिला त्याचा त्रास होतो का, हे मी विचारलं. तिनं खांदे उडवले. म्हणाली, "बाबांचा कागद पलंगामागं हाय. झोपल्यावर दिसत नाही."

आता तिला रिकर्व्हवर न्यायचं सरांच्या मनात आहे, आणि घरात महिनाभर तेवढाच विषय. पुरा नवा संच घ्यायचा तर हिशेब लाखांत जातो. सरांनी मार्ग सांगितला: मधली दांडी, म्हणजे रायझर, वापरलेला घ्या, तो वर्षानुवर्षं टिकतो. वरखालची दोन पाती, म्हणजे लिम्ब्स, तेवढी तिच्या ताकदीप्रमाणे बदलत जायची, आधी हलकी, मग जड. उन्हाळ्यात मात्र टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही, आमच्याकडच्या मे महिन्यात आत चिकटवलेले थर सुटू शकतात. दादानं सगळं मुकाट ऐकलं आणि एकच विचारलं, जड म्हणजे किती जड? सरांनी सांगितलं, आधी चोवीस पाउंड. पाउंड दादाच्या हिशेबात बसेना. म्हणून पारखायला दोन दिवस घरी आणलेलं धनुष्य त्यानं सरळ आढ्याला टांगलेल्या कापसाच्या काट्यावर लावलं. काट्याच्या आकड्यात दोरी अडकवली आणि भाचीला म्हणाला, तू जेवढं ओढतं तेवढंच खाली ओढ. लाल आकडे पळाले आणि थांबले: नऊ किलो आणि वर काही ग्रॅम.

"चोवीस पाउंड म्हणजे तर अकरा किलो व्हायला पायजे," मी मोबाइलवर पाहून म्हटलं. भाची म्हणाली, लिम्बवर लिहिलेले पाउंड 28 इंच ताणल्यावरचे असतात, माझा ड्रॉ 26 चा आहे, इंचाला दोनेक पाउंड कमी होतात. दादानं तिच्याकडं पाहिलं. मग ओट्यावर बसला, बोटं मोजली.

"दिवसाले किती बाण मारतं तू?"

"शंभर. कधी जास्त."

"नऊ किलो शंभरदा. म्हणजे नऊ क्विंटल." तो थोडा वेळ गप्प होता. "यंदा आपल्या दोन एकरात एवढा कापूस नाही झाला."

माय आतून म्हणाली, "मंग वेचाई काय भावानं देते तो मास्तर?"

भाची हसत सुटली. दादा हसला नाही. त्यानं धनुष्य काट्यावरून काढलं, सरांनी दाखवल्याप्रमाणे दोरी उतरवली, आणि चुलीपाशी बसलेल्या वहिनीला सांगितलं, "उद्यापासून दूध वाढवजो हिचं. आन त्या रायझरवाल्याचा नंबर कुठी लिहिला व्हता मी?"